पक्क्या घराची पट्टी

"भिंतीपासून धर रे, वळचणीपासून नको," ग्रामसेवक इंगवले म्हणाले, आणि पंचायतीचा शिपाई बाबू याने फितीचं टोक सुगंधाच्या घराच्या जोत्याला टेकवलं.

सुगंधा घरापुढच्या खळ्यात बसून नारळाची सोडणं बडवत होती. खाडीच्या चिखलात महिनोन्महिने पुरून कुजवलेली सोडणं. त्यांचा वास खारवाडीतल्या बायकांना आता येतही नसे. इंगवले घाटावरचे, साताऱ्याकडचे. त्यांनी एका हाताने रुमाल नाकाशी धरला होता. सुगंधाने दांडा खाली ठेवला, हात लुगड्याला पुसले आणि ती लगबगीने उठली. कुणीतरी सरकारी माणूस मुद्दाम आपलं घर बघायला आलाय, एवढंच तिला कळलं होतं.

"आतसून बघा, सायब. मंगळुरी कौलां आसत. तारवातसून इली, खाडीत उतरली. थयसून मी नि माझ्या चेडवान, विमलान, डोक्यार हाडली."

"कधी घातली?"

"गुदस्ता, शिमग्यानंतर."

"खर्च तुमचाच?"

"मगे कोण करतलो?" तिने दोन्ही तळवे पुढे केले. काथ्या वळून वळून त्यांची कातडी शहाळ्याच्या सालीसारखी झाली होती. इंगवल्यांनी एकवार त्या हातांकडे पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

बाबू गावचाच. फीत गुंडाळता गुंडाळता तो तिच्या कानाशी पुटपुटला, "काकी, जास्त बोला नको गो." पण सुगंधाला त्याचा अर्थ लागला नाही. तिने दोघांना गूळपाणी दिलं. ते गेल्यावरही ती बराच वेळ खळ्यात उभी राहून आपल्याच छपराकडे बघत होती. उन्हात कौलं लालभडक दिसत होती. खाडीपलीकडूनही ती दिसत.

खारवाडीत बाकीची सगळी घरं झापांनी शाकारलेली. माडाची चुडतं विणून केलेले झाप दर उन्हाळ्यात बदलायचे, आणि तरी पावसात घर गळायचंच. सुगंधाचा नवरा भिकाजी तारवावर खलाशी होता. खोकला लागून तो घरी आला तो परत गेलाच नाही. त्याच्या शेवटच्या श्रावणात सुगंधा त्याची बाज या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात ओढत राहिली. जिथे ओढावी तिथे थोड्या वेळाने धार लागे. तो गेला तेव्हा त्याच्या अंगावरची गोधडी ओली होती, आणि ती घामाने ओली नव्हती. बाराव्याला बायका रडल्या; सुगंधा रडली नाही. मुलीला, विमलाला, तिने एवढंच सांगितलं, "ह्या घरार कौलां घातल्याशिवाय मी मरूचंय नाय."

त्यानंतर कित्येक वर्षं ती सुंभ वळत राहिली. मालवणच्या बाजारात नेऊन विकत राहिली. सणाला लुगडं घेतलं नाही, माहेरी गेली नाही. मग एका शिमग्यानंतर सुतार आला, वासे बदलले, रिपा ठोकल्या आणि कौलं चढली. पहिल्या रात्री विमला म्हणाली, "आये, आकाश दिसत नाय गो." दोघी हसल्या होत्या.

पट्टीचं बिल बाबूच घेऊन आला. ते त्याने सुगंधाच्या हातात दिलं नाही, जोत्यावर ठेवलं आणि वर दगड ठेवून तो निघून गेला. विमला सातवीपर्यंत शिकलेली. तिने वाचलं. पुन्हा वाचलं.

"आये, गेल्या वर्साच्या चौपट आसा."

"नीट वाच."

"नीटच वाचतंय. हय लिवलांसा, पक्कं घर, कौलारू. घरपट्टी. दिवाबत्ती कर. सफाई कर."

दिवाबत्ती हा शब्द सुगंधाने पुन्हा म्हणायला लावला. गेल्या कार्तिकातली गोष्ट. शेजारची रुक्मिणी बाजारातून परतताना दिवेलागणीला खाजणाच्या बांधावरून घसरून खाली पडली. खारवाडीला यायचा रस्ता म्हणजे तो बांधच. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला चिखल. सुगंधाने आणि विमलाने तिला चादरीत घालून घरी आणलं. कमरेचं हाड वाकडंच जुळलं. आता ती खुरडत चालते. त्या बांधावर कधी दिवा नव्हता, आणि खारवाडीतही नव्हता.

दुसऱ्या दिवशी सुगंधा धुतलेलं लुगडं नेसून पंचायतीत गेली.

"सायब, मी भांडूक येवक नाय," ती म्हणाली. "ह्यां काय आसा तां माका समजावन सांगा. समाजलां तर भरतलंय."

इंगवल्यांना या गावात येऊन वर्षही झालं नव्हतं. आल्यापासून त्यांना समजावून सांगा असं कुणी म्हणालं नव्हतं. लोक एकतर भरत किंवा शिव्या देत. त्यांनी तिला बाकावर बसायला सांगितलं.

"कर एकच नसतो, बाई. तुमच्या माडांच्या जमिनीचा सारा तलाठी नेतो, तो सरकारचा. त्यावर लोकल फंड म्हणून थोडा उपकर. ही घरपट्टी मात्र आपल्या पंचायतीची, गावातच खर्च करायची. काही कर तर दिसतही नाहीत. तुम्ही काडेपेटी घेता, रॉकेल घेता, त्यांच्या किमतीत कर असतोच."

"काडेपेटीत?"

"हो."

"म्हणजे मी चूल पेटवली तरी कर?"

"तसंच म्हणा."

आजवर आपण फक्त सारा भरतो असं सुगंधाला वाटत होतं. "आणि ह्यां चौपट कशाचां?"

"कौलं घातली की घर पक्कं धरतात. पक्क्या घराचा दर वेगळा असतो. तसा नियमच आहे."

"घर गळत होतां तेवा कोणच मापूक येवक नाय, सायब. गळती बंद झाली नि तुमी फीत घेवन इलास."

दारात उभ्या असलेल्या बाबूने मान खाली घातली.

"बरां. नियम तर नियम," सुगंधा म्हणाली. "दिवाबत्ती म्हणजे काय तां सांगा."

"गावातले दिवे. खांबांवरचे कंदील, त्यांचं रॉकेल, वाती."

"आमच्या वाडीत खंय आसा खांब?"

इंगवल्यांनी पेन खाली ठेवलं. हा माणूस वाईट नव्हता. त्याने खरंच समजवायचा प्रयत्न केला. "बाई, कर म्हणजे दिव्याची किंमत नव्हे. माझ्या दारात दिवा आहे म्हणून मी भरतो, असं त्यात नसतं. सगळ्यांनी मिळून गावासाठी भरायचं आणि गाव ठरवील तिथे दिवा लावायचा. ज्याला परवडतं त्याने थोडं जास्त भरायचं. पक्कं घर बांधलं म्हणजे तुम्हाला परवडतं, असं पंचायत धरते."

सुगंधाने ते मनात घोळवलं. तिला ते पटल्यासारखं वाटलं. सार्वजनिक विहीर उपसताना वाडी करते तसंच हे.

"ह्यां बरां सांगितलास. सगळ्यांनी गावासाठी. मगे माका इतक्यांच सांगा, आमची खारवाडी गावात मोडता काय नाय?"

"मोडते की."

"पट्टी देवक मोडता. दिव्याक मोडत नाय." तिचा आवाज चढला. "दिवे चार. एक देवळाकडे, एक बाजारात, एक शाळेकडे. बरां, ते गावाचे. चौथो खंय आसा? भाईंच्या फाटकात! कर भरलेल्या रॉकेलान मी माझो दिवो पेटवतंय, वर दिवाबत्तीचोय कर मीच भरतंय, आणि उजेड भाईंच्या अंगणात. माझी शेजारीण काळोखात कमर मोडून घेता. ह्यां समजवा माका!"

नेमके त्याच वेळी सरपंच भाई आत आले. पांढरंशुभ्र धोतर, हातात छत्री. भाई म्हणजे जुन्या खोतांचे चिरंजीव. खोती गेली तेव्हा खारवाडीने देवळात नारळ फोडले होते. पुढे पंचायत आली आणि पहिल्याच निवडणुकीत भाई बिनविरोध सरपंच झाले. लोकांना वाटलं, शिकलेला माणूस आहे, चार कामं करील.

"काय गो सुगंधा, आवाज रस्त्यार येता तुझो," ते हसून म्हणाले. "राज्य आपलां, पंचायत आपली. आपल्याच घरच्या कामाक पैसो देताना कोण असो तंडता काय?"

"मी तंडत नाय, भाई. समाजून घेतंय." सुगंधा उभी राहिली. "तुमच्या काजीच्या गोदामाची पट्टी किती आसा?"

भाईंनी बाजाराच्या टोकाला काजू साठवायला जांभ्या दगडाचं लांबलचक गोदाम बांधलं होतं. पंचायतीच्या दप्तरात ते गुरांचा गोठा म्हणून लागलं होतं. गावात हे कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. तोंडावर म्हटलं नव्हतं कुणी, एवढंच.

"तो गोठो आसा," भाई म्हणाले. हसू गेलं होतं.

"गोठो? आणि गुरां खंय आसत? काजीची पोती रवंथ करतत?"

बाबूच्या नाकातून फुसकन हसू बाहेर पडलं आणि लगेच दाबलं गेलं. भाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. छत्रीचं टोक जमिनीवर आपटून ते म्हणाले, "तुझी सासू आमच्या अंगणात उभी रवाक भियत होती. आणि तू माका गोठो विचारतंस? कौलां झेपाची नाय तर घातलंस कित्याक? काढून टाक. पट्टी आपसूक कमी होतली. झापाच्या घरात रवलंस तर काय मरण येता?"

बाबूचा चेहरा उतरला. भिकाजीची तिरडी त्यानेच बांधली होती. भाईंना ते आठवत असायचं कारण नव्हतं; खारवाडीत कोण कधी आणि कशाने मेलं हे त्यांना ठाऊक नसे.

सुगंधाने बिल उचललं, घडी करून कमरेला खोचलं आणि ती निघाली. इंगवल्यांनी मागून दोनदा "बाई, अहो बाई" म्हणून हाक मारली.

सकाळी विमला विहिरीवरून आली तेव्हा आई घरावर होती.

माथ्यावरची कोनाची कौलं तिने आधीच उचकटून काढली होती. काष्टा मारून, रिपेवर पाय रोवून ती एकेक कौल सोडवत होती आणि वाशाला टेकवलेल्या शिडीवरून खाली उतरून ते फणसाखाली ठेवत होती. मग पुन्हा वर. वाडीतली माणसं बांधावर जमली. बाई माणूस घरावर चढलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. खाली ये म्हणून बाप्ये ओरडले. तिने ऐकलंसुद्धा नाही.

"आये, काय करतंस गो?" विमलाच्या हातातली कळशी हिंदकळली.

"कौलां काढतंय. भाईन सांगितल्यानी."

"तो रागान बोललो गो!"

"मीय रागानच काढतंय."

"कुणकेश्वरची माणसां येवची आसत, आये." विमलाचा आवाज फाटला.

सुगंधाचा हात थांबला. कुणकेश्वरचं स्थळ पौषात आलं होतं. मुलगा मुंबईला गोदीत कामाला. त्याची आत्या घर बघायला आली तेव्हा तिने पडवीत उभं राहून आधी वर बघितलं होतं आणि मग विमलाकडे. होळी झाली की बोलणी पुरी करायची ठरलं होतं.

"येवंदेत," सुगंधा म्हणाली. "माणसां बघूक येतत काय कौलां?"

"बाबांसाठी घातलेलंस तू!"

"गप रव!" ती वरून किंचाळली. बांधावरची माणसंही दचकली. "तुझो बापूस मेलो तेवा खंय होती पंचायत? तेची बाज भिजत होती तेवा दिवाबत्ती खंय होती? माझे हात फुटले तेवा कोणी म्हटल्यान नाय, हय जरा कमी घेवया. आता मी कोरड्यात निजतंय तां डोळ्यात इला तेंच्या! नको तेंची दया, नको तेंचां पक्कां घर. घेवंदेत मापून आता काय मापतत तां!"

हातातलं कौल तिने फेकलं. ते जोत्यावर आपटून फुटलं. त्या आवाजाने ती स्वतःच भानावर आली. खाली वाकून तिने त्या तुकड्यांकडे पाहिलं आणि पुढचं कौल पुन्हा जपून, दोन्ही हातांनी सोडवलं.

दुपारी इंगवले सायकल बांधावर आडवी टाकून धावत आले. घामाघूम झाले होते. "बाई, उतरा खाली. अहो, असं करू नका. मालवणला पंचायत समितीकडे अपील करता येतं. मी लिहून देतो. अंगठा तेवढा तुम्ही द्या."

सुगंधा वाशावर बसून पदराने तोंड पुसत होती. "आणि तो गोठो? तेचां अपील कोण करतलो?"

इंगवल्यांनी नजर वळवली.

"सायब, तुमी बरे माणूस आसास," ती म्हणाली. आता तिच्या आवाजात राग नव्हता, दमणूक होती. "काल इतक्यां समजावन सांगितलास. आजपर्यंत माका कोणी बसवन सांगूक नाय. पण आमचां मापताना तुमची फीत पुरता, नि तेंचां मापताना आखूड पडता. तां तुमी समजवा, मी उतारतंय."

इंगवले सायकल उचलून, ती हातानेच ढकलत बांधावरून परत गेले.

दोन दिवसांत घर उघडं झालं. मग सुगंधाने चुडतं गोळा केली, झाप विणले, आणि वाडीतल्या बाप्यांनी मुकाट्याने येऊन छप्पर शाकारून दिलं. रुक्मिणी खुरडत येऊन सगळ्यांसाठी भाकऱ्या थापत बसली. कुणी भाईंचं नाव काढलं नाही, आणि सुगंधाला शाबासकीही दिली नाही. संध्याकाळी जाताना एक म्हातारा एवढंच म्हणाला, "वासे घट आसत. झापाक इतके घट वासे लागनत नाय."

होळीनंतर कुणकेश्वरची माणसं आली. आत्या पडवीत उभी राहिली आणि तिने वर पाहिलं. चहा घेतला. हवापाण्याच्या गोष्टी झाल्या. आठ दिवसांनी निरोप आला, मुलाला मुंबईचीच मुलगी करायची म्हणतो.

विमला रडली नाही. आईसमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "भाईचां काय गेलां? दिवो तेच्याच फाटकात आसा. गोठो तेचो गोठोच आसा. गेलां तां माझां गेलां." मग ती आत गेली. त्या दिवसापासून तिने आईशी बोलणं टाकलं. काम सगळं करी. पाणी आणी, सोडणं बडवी, सुंभ वळी. पण बोलत नसे.

सुगंधाने तिची समजूत घातली नाही. काय घालणार? पोरगी म्हणत होती त्यात खोटं काहीच नव्हतं. कधी सुंभ वळता वळता तिचे हात थांबत आणि तिला वाटे, आपण अपील केलं असतं तर? मग भाईंचं ते वाक्य कानात उभं राही, काय मरण येता, आणि दातावर दात बसत. पुन्हा तशी वेळ आली तर आपण पुन्हा चढू, हे तिला माहीत होतं. त्याचंच तिला भय वाटे.

वैशाखात इंगवले पुन्हा आले. या वेळी फीत आणली नव्हती. नुसतं बघून त्यांनी कच्चं घर असं लिहिलं. पट्टी जुन्या दरावर आली. सुगंधाने ती त्याच दिवशी पंचायतीत जाऊन भरली, दिवाबत्तीसकट, आणि पावती मागून घेतली. थोड्या दिवसांनी इंगवल्यांची बदली झाली. लोक म्हणाले, त्यांनी गोठ्याचं माप घ्यायचं म्हणून कागद पुढे केला होता. खरं खोटं कुणी विचारायला गेलं नाही.

मृगाआधी, ढग भरून येत होते तेव्हा, बाबू आला. खळ्यात उभा राहून चुळबुळत राहिला.

"काय रे?"

"काकी... भाईंनी विचारलानी. ती कौलां तशीच पडान आसत. गोदामाच्या पाठल्या बाजूक छप्पर वाढवचां आसा. बाजारभावान घेतत म्हणतत."

सुगंधा फणसाखालच्या ढिगाकडे वळली. कौलांच्या फटींतून गवत वर आलं होतं. त्या पैशांत विमलाचं लग्न निघालं असतं, निदान अर्धं तरी. दारातून विमला बघत होती.

"भाईंका सांग," सुगंधा सावकाश म्हणाली, "गोठ्याक कौलां कित्याक व्हयी? गुरां पावसात भिजली म्हणान मरनत नाय."

"काकी, मी असां कसां सांगू?"

"सांग. मी सांगितलंय म्हणान सांग."

बाबू मान हलवून गेला. बांधावर दिसेनासा होईपर्यंत सुगंधा तिथेच उभी राहिली. वारा सुटला होता. ती फणसाच्या बुंध्याशी टेकून खाली बसली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा, कुणाला दिसणार नाही अशा बेताने पदर तोंडात कोंबून रडली.

बराच वेळ गेला. आतून भांड्यांचा आवाज येत होता. मग दारात कुणीतरी उभं राहिल्यासारखं वाटलं.

"आये," विमला म्हणाली. "पेज थंड जाता."

सुगंधाने डोळे पुसले आणि ती उठली. झापांची वळचण खूप खाली आली होती. ती वाकून आत गेली.